ईदी नव्हे, किंमत

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. इफ्तार आणि तरावीहच्या मधल्या वेळात माझी भाची घरी आली. हातात चपलांचे एक रिकामे खोके. तिने ते टेबलावर ठेवले, झाकण काढले आणि आतून एकेक करून ईद कार्डे बाहेर काढून मांडली. चोवीस कार्डे. सगळी हाताने रंगवलेली. एकावर मोगऱ्याची वेल, एकावर जाळीच्या खिडकीतून दिसणारी चंद्रकोर, एकावर शीरखुर्म्याची वाटी आणि बाजूला पडलेले दोन खजूर. दोन कार्डे एकमेकांसारखी नव्हती.

"माशाअल्लाह! किती सुंदर," मी म्हणाले. "केवढ्याला देणार?"

"चाळीस रुपयांना एक, खाला."

आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "चाळीस? अगं, दुकानात छापील कार्ड दहा-पंधरात मिळते. मला घरच्या भावात दे."

ती काही बोलली नाही. थोडे हसली आणि म्हणाली, "ठीक आहे खाला, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." मी वीस रुपयांप्रमाणे पाच कार्डे घेतली, शंभराची नोट तिच्या हातावर ठेवली आणि वर पुन्हा, मुलीला प्रोत्साहन दिले, असे समाधानही मानले.

रात्री सगळे झोपल्यावर ती कार्डे पुन्हा हातात घेतली. मोगऱ्याच्या वेलीवर किती फुले आहेत ती मोजली. सतरा. प्रत्येक फुलाला पाच-सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या कडेला फिकट हिरवी रेघ. एवढे काम करायला तिला किती वेळ लागला असेल, हा विचार तोपर्यंत माझ्या मनात आलाच नव्हता. आणि तेव्हा मला कॅनडातल्या एका बाईची आठवण झाली. तिच्याविषयी मी पूर्वी वाचले होते. तिचे नाव मॉड लुईस.

पाच सेंटचे कार्ड

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. समुद्र, मासेमारी, लहान गावे आणि लांबलचक हिवाळा. तिथल्या यारमथ परिसरात १९०३ च्या सुमारास मॉडचा जन्म झाला. वडील घोड्यांचे साज बनवायचे, लोहारकाम करायचे. मॉडला लहानपणीच संधिवाताने गाठले. खांदे आखडले, हनुवटी छातीकडे झुकली, पुढे बोटे वाकडी होत गेली. मुले चिडवायची. शाळा चौदाव्या वर्षी सुटली.

आईने मात्र मुलीला रिकामे बसू दिले नाही. तिने मॉडच्या हाती जलरंग दिले. मायलेकी मिळून नाताळची कार्डे रंगवायच्या आणि ती विकायच्या. ज्या मुलीला बाहेरचे कष्टाचे काम जमणार नव्हते, तिच्या वाकड्या बोटांना आईने एक हुन्नर दिला. या गोष्टीतली पहिली कलावंत खरे तर ती आईच आहे.

१९३५ साली वडील गेले, १९३७ साली आई. मॉड डिग्बी गावी मावशीकडे राहायला गेली. १९३८ साली तिचे एव्हरेट लुईसशी लग्न झाले. एव्हरेट दारोदार मासे विकायचा. मार्शलटाउन इथे त्याचे एका खोलीचे घर होते, साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेबारा फूट रुंद. वर झोपायला माळा. वीज नाही, नळ नाही. मॉडने उरलेले सगळे आयुष्य त्याच घरात काढले.

एव्हरेट मासे विकायला निघाला की मॉड सोबत जायची आणि स्वतः काढलेली कार्डे घेऊन जायची. मासे घेणाऱ्या बायका कार्डेही घेऊ लागल्या. एका कार्डाची किंमत पाच सेंट. कॅनडाच्या डॉलरचे शंभर सेंट होतात, म्हणजे एका डॉलरला वीस कार्डे.

मला खटकते ती गोष्ट इथे आहे. मॉडच्या लहानपणी तिची आई कार्डे विकायची तेव्हाही किंमत पाच सेंटच होती. मधे कितीतरी वर्षे गेली होती. मुलगी मोठी झाली, हात सुधारला, जगात महागाई आली, पण कार्डाची किंमत जिथल्या तिथेच. का? कारण कोणी मागितले नाही आणि कोणी दिले नाही. घरबसल्या काम करणाऱ्या बाईच्या मालाला भाव कोण ठरवतो? बहुतेक वेळा घेणाराच ठरवतो. मी भाचीच्या बाबतीत तेच केले होते.

रस्त्याकडेची पाटी

कार्डे खपू लागल्यावर नवऱ्याने मॉडला तैलरंगांचा पहिला संच आणून दिला. ती चित्रे काढू लागली. कॅनव्हास कुठला असणार? लाकडी पुठ्ठा, दाबलेल्या भुशाचे पत्रे, जे मिळेल ते. बहुतेक चित्रे लहान, आठ इंच बाय दहा इंचांच्या आतबाहेर. याला कारणही होते. तिचा हात फार लांबवर पोचत नसे. मोठे चित्र तिला सहज झेपत नसे. मर्यादा होती, ती तिने मापात बसवली.

तिची पद्धत साधी होती. आधी पुठ्ठ्यावर पांढरा रंग, मग बाह्यरेषा, मग रंग थेट नळीतून जसाचा तसा. रंग एकमेकांत मिसळणे नाही, सावल्या नाहीत. विषय आसपासचे: बैलजोडी, घसरगाडी, होड्या, फुले, पक्षी, तीन काळी मांजरे. बैलांना लांब पापण्या. बर्फ पडलेला असतानाही झाडांवर रंगीत पाने. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या घरात बसून तिने कॅनव्हासवर उन्हाळा आणला. घरही सोडले नाही. दार, भिंती, जिना, चूल, पावाचा डबा, खिडकीची काच, सगळ्यावर फुले आणि पक्षी.

घराबाहेर एक पाटी लागली, चित्रे विकणे आहेत. रस्त्याने जाणारे पर्यटक गाडी थांबवू लागले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका चित्राचे दोन ते तीन डॉलर मिळायचे. एखादे चित्र लोकांना आवडले की तेच पुन्हा मागितले जाई. ती पुन्हा काढायची. तीच मांजरे, तीच बैलजोडी, पण प्रत्येक वेळी हाताने, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडी वेगळी.

१९६४ साली एका साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापला. १९६५ साली कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने तिच्यावर कार्यक्रम केला. मागणी एकदम वाढली. निक्सन अध्यक्ष असताना अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमधूनही दोन चित्रांची मागणी आली. पण हात तोपर्यंत इतके दुखू लागले होते की मागण्या पुऱ्या करणे तिला जमेना. आयुष्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत चित्राची किंमत सात ते दहा डॉलरपर्यंत पोचली. यापलीकडे ती गेली नाही. ३० जुलै १९७० रोजी न्यूमोनियाने मॉडचे निधन झाले. शेवटच्या वर्षातही रुग्णालयाच्या खेपा सांभाळून ती घराच्या एका कोपऱ्यात बसून रंगवत होती.

आता पुढचे ऐका. त्याच काळात एक कॅनेडियन चित्रकार मॉडला रंग आणि तयार पुठ्ठे पाठवीत असे आणि मॉड त्याला चित्रे पाठवी. त्याने तिच्या चित्रांपैकी काही ऑन्टॅरिओतल्या लंडन शहरातल्या एका उपाहारगृहाच्या मालकांना दाखवली. तिथे तो रोज चीज सँडविच खायचा. सँडविचच्या बदल्यात त्यांनी एक चित्र ठेवून घेतले. त्यात एक काळा ट्रक होता. २०२२ च्या मे महिन्यात ते चित्र लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरना गेले. जिने ते काढले तिला जाऊन तेव्हा ५२ वर्षे होत आली होती.

हे वाचून कोणाला वाटेल, वा, शेवटी कलेला न्याय मिळाला. मला तसे वाटत नाही. न्याय चित्राला मिळाला. ज्या बाईला त्या थंड खोलीत एक उबदार कोट, बरे औषध आणि विजेचा दिवा मिळायला हवा होता, तिला त्यातले काही मिळाले नाही.

कमाई कोणाची?

एव्हरेटविषयी बोलताना इन्साफ ठेवला पाहिजे. मॉडला चित्र काढायला मोकळा वेळ मिळावा म्हणून तो स्वयंपाक करायचा, घरचे बघायचा. तिचे पहिले तैलरंग त्यानेच आणले. आपल्याकडे किती नवरे एवढे करतात? पण पैशाच्या बाबतीत तो अतिशय चिकट होता. मॉडच्या चित्रांचा पैसा त्याच्या हाती जाई आणि तो साठवून लपवून ठेवी. घरात सोय म्हणून काही आले नाही. १९७९ साली पैशाच्या लोभाने घरात शिरलेल्या चोराच्या हातून तो मारला गेला. जो पैसा मॉडच्या उपयोगी आला नाही, तो त्याच्याही आला नाही.

इथे आपण मुसलमान म्हणून थोडे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या दीनने बायकोची कमाई बायकोची मानली आहे. तिचा मेहर तिचा, तिला वारशात मिळाले ते तिचे आणि तिने हाताने कमावले तेही तिचे. घरखर्चाची जबाबदारी नवऱ्यावर आहे. बायकोने राजीखुशीने खर्च केला तर तो तिचा चांगुलपणा, तो कोणाचा हक्क नव्हे. ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने भाषणांत सांगतो. पण शिवणाचे, मेंदीचे, पापडाचे, कार्डाचे पैसे घरात आल्यावर ते कोणाच्या खिशात जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आणि मजुराची मजुरी वेळेवर चुकती करावी, ही शिकवण तर आपल्याला मदरशाच्या वयापासून मिळते. मजूर म्हटला की डोळ्यांपुढे पाठीवर सिमेंटची गोणी घेतलेला माणूस येतो. टेबलाशी वाकून सतरा फुले रंगवणारी मुलगी येत नाही. घाम दिसत नाही, म्हणून मजुरी दिसत नाही.

चाळीस रुपयांचा हिशेब

दुसऱ्या दिवशी मी भाचीच्या घरी गेले आणि तिला म्हणाले, "बेटा, मला एक कार्ड करायला काय लागते ते सांग." तिने वही काढली. हिशेब तिच्या हातचा नव्हता, कारण तिने तो कधी केलाच नव्हता. आम्ही दोघींनी बसून केला. तुमच्या घरात कोणी असे काम करत असेल तर उपयोगी पडेल म्हणून देते. आकडे आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

जाड कागद आणि पाकीट मिळून १२ रुपये. रंग आणि कुंचल्याची झीज ५ रुपये. वरची पारदर्शक पिशवी आणि आतला पुठ्ठा ३ रुपये. झाले २० रुपये. म्हणजे मी दिलेले वीस रुपये नुसत्या सामानात गेले. तिच्या हाताला माझ्याकडून एक पैसाही मिळाला नव्हता.

आता वेळ. साधे कार्ड असेल तर ५० मिनिटे. तासाला फक्त ६० रुपये धरले तरी ५० रुपये होतात. सहातले एखादे कार्ड बिघडते, त्याचे वर १० रुपये. एकूण ८०. ती ज्या कार्डाचे चाळीस मागत होती, ते घसाऱ्यासकट ऐंशीचे होते. "खाला, ऐंशीला कोण घेईल?" ती म्हणाली. प्रश्न बरोबर आहे. पण आधी खरी किंमत कळली पाहिजे, मग कमी कुठे करायचे ते ठरवता येते.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, साध्या नक्षीची कार्डे करायची, वीस मिनिटांत होणारी, ती ४५ रुपयांना. दोन, मोगऱ्यासारखी बारीक कामाची कार्डे थोडीच करायची आणि ९० ला द्यायची. तीन, नातेवाइकांना भाव वेगळा नाही. द्यायचे असेल तर भेट म्हणून पूर्ण फुकट द्यायचे, पण अर्ध्या किमतीला नाही.

काम करणाऱ्या मुलींसाठी काही सूचना

नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो. जलरंगाचे पाणी लागले की तो लाटांसारखा उठतो. ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. मोठा ताव घेऊन घरी कापला तर स्वस्त पडतो. घडी घातल्यावर कार्ड १०५ बाय १४८ मिलिमीटरचे ठेवले तर बाजारातली तयार पाकिटे सहज बसतात.

कार्डाच्या मागे पेन्सिलीने नाही, न पुसणाऱ्या शाईने आपले नाव आणि साल लिहावे. सही म्हणजे मिजास नव्हे. हे हाताने केले आहे, छापलेले नाही, एवढे ती सांगते.

नक्षी दुसऱ्याची उचलू नये. मोबाइलवर दिसलेले चित्र जसेच्या तसे उतरवून आपले म्हणून विकणे ही बेइमानीच आहे. घरातल्या दुलईची वेलबुट्टी, आजीच्या पानदानाची नक्षी, गावच्या मशिदीची कमान, यांत पुष्कळ आहे. चित्रात काय काढावे, काय नको याबद्दल घरोघरी वेगवेगळी मते असतात. भाचीने फुले, जाळी, चंद्र आणि भांडी निवडली आहेत. अरबी किंवा उर्दू अक्षरे काढायची असतील तर जाणकाराला दाखवून मगच रंगवावीत, एक नुक्ता चुकला तर शब्द बदलतो. आणि कार्ड शेवटी कुठे पडेल हे सांगता येत नाही, म्हणून त्यावर आयत न लिहिता नुसते ईद मुबारक लिहिलेले बरे, असे तिच्या अब्बांनी सुचवले. ते मला पटले.

पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्यावेत. भावाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर नकोत. भांडणासाठी नव्हे, हिशेबासाठी. वर्षाअखेरीला किती कमावले हे तिला स्वतःला कळले पाहिजे. निसाबाइतकी रक्कम जमली आणि तिच्यावर वर्ष गेले तर जकातही तिलाच द्यायची आहे. हिशेब दुसऱ्याच्या खिशात असेल तर ती जकात कशी काढणार?

आणि सगळेच विकू नये. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक शहरात १९९७ साली एका चित्रकाराने पत्त्याच्या पानाएवढ्या, अडीच इंच बाय साडेतीन इंचांच्या चित्रांची अदलाबदल सुरू केली. नियम एकच, पैसे नाहीत, माझे एक घे, तुझे एक दे. ती चाल जगभर पसरली. पुढे त्याच मापाची चित्रे विकणारेही तयार झाले, पण त्यांनी आपल्या कार्डांना वेगळे नाव दिले. देवाणघेवाण वेगळी आणि विक्री वेगळी, हे त्यांनी नावातच स्पष्ट करून टाकले. मैत्रिणींमध्ये अशी अदलाबदल सुरू करायला काय हरकत आहे? हात सुधारतो आणि आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे कळते.

जुनी कार्डे

आमच्या लहानपणी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमनची वाट पाहिली जायची. मुंबईहून, आखातातून, बोटीवर नोकरीला असलेल्या मामूकडून ईद कार्डे यायची. अम्मी ती कपाटाच्या काचेत खोचून ठेवायची आणि पुढच्या ईदपर्यंत तिथेच राहायची. आता चाँदरातीला मोबाइलवर शंभर संदेश येतात. सगळ्यांत तीच मशीद, तोच कंदील. सकाळपर्यंत आपण ते पुसूनही टाकतो, जागा भरते म्हणून.

भाचीकडून घेतलेल्या पाच कार्डांपैकी एक मी पुण्याला माझ्या वयस्कर फुफीला पाठवले. ईदच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटले, शीरखुर्म्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, "कार्ड उशालाच ठेवलंय. कोणी काढलं गं? त्या पोरीला माझी दुआ सांग."

त्या संध्याकाळी मी भाचीकडे गेले. दुआ सांगितली आणि पर्समधून पैसे काढले. पाच कार्डांचे राहिलेले शंभर रुपये, चाळीसच्या हिशेबाने. तिने हात मागे घेतला.

"खाला, ही ईदी का?"

"ईदी तुला सकाळीच दिली," मी म्हणाले. "ही किंमत आहे. तेव्हा कमी दिली होती."

तिने पैसे घेतले. मग ती आत गेली, वही घेऊन आली आणि तारीख घालून लिहिले: पाच कार्डे, दोनशे रुपये, पूर्ण मिळाले. खाली सही केली आणि ती ओळ मला दाखवली.